कोपरातला निळा डाग

विपुलच्या गटाला शिकवणारा मुलगा त्या दिवशी आलाच नाही, म्हणून विपुल चारुताच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. अकोल्याच्या मेडिकल कॉलेजात वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना रक्त काढायला शिकवत. विपुल खरं तर तिच्याच बॅचचा. वडिलांच्या आजारपणात त्याचं वर्ष गेलं, मग वडीलही गेले.

सरावाच्या रबरी हातावर त्याची सुई बरोबर बसे. माणसाचा हात समोर आला की शीर हुके.

"माझ्या हातात टोच." चारुताने बाही वर केली.

"तुले दुखंन."

"मग नीट टोच."

दोनदा सुई चुकली. तिसऱ्यांदा शीर फुटली, आणि कोपराच्या आत निळा डाग चढला. विपुलने सुई खाली ठेवली.

"बाबाच्या हातावर असेच डाग होते... मले तेच दिसते. माह्याच्यानं नाही होत. शेंदूरजनाघाटची आमची बागच बरी."

"माझ्या हाताची चाळण करून आता संत्री तोडायला चाललास?"

तो हातमोजे काढून निघून गेला.

रविवारी अमरावतीला घरी तिला पाहायला पाहुणे आले; ते येणार हे तिने विपुललाही सांगितलं होतं. डाग झाकावा म्हणून आईने पूर्ण बाह्यांचा ब्लाउज काढून ठेवला होता. चारुताने तो घातला नाही. मुलगा सौमित्र, डॉक्टरच. डाग त्याला दिसला. तिने खरं ते सांगितलं.

"स्वतःचा हात कशाला द्यायचा?" तो सहज म्हणाला. "वॉर्डात पेशंट असतातच की."

माणूस वाईट नव्हता. पण पाहुणे गेल्यावर तिने वडिलांना सांगितलं, "बाबा, नको."

सोमवारी विपुल वर्गात नव्हता. वसतिगृहाच्या फाटकाशी बॅग घेऊन उभा दिसला.

"दुसरा हात बाकी आहे," चारुता म्हणाली. "चल."

"कावून एवढं करून राहिली तू? कशापायी?"

"आधी चल."

रिकाम्या वर्गात तिने दंडाला पट्टी बांधून घेतली. "डोळे फसवतात. शीर बोटाने शोध."

त्याने शोधली. सुई गेली... सिरिंजमध्ये रक्त हळूच चढलं.

"पट्टी सोड. आता सुई काढ."

त्याने कापूस दाबून धरला. 

"पाहुण्यायचं काय झालं?"

"नाही म्हटलं."

"मंग मी राहतो," विपुल म्हणाला. "डॉक्टर होतो. पण तुले सांगून ठेवतो — मले आता सुईचं भेव नाही. तू दुसऱ्याची होशील, त्याचं आहे."

"होत नाही," ती म्हणाली.

रक्त केव्हाच थांबलं होतं. त्याने अंगठा उचलला नाही, आणि कापूस धरायला तिनेही हात पुढे केला नाही.