नावं हरवलेल्या खुणा

दुकानदाराने तिसऱ्यांदा माझ्या कॉम्प्युटरचं बटण दाबायला हात पुढे केला आणि माझ्या मागून कुणीतरी ओरडलं, "थांबा! हात लावू नका!"

मी दचकून वळले. एक उंच, किडकिडीत माणूस. शर्टाच्या खिशात दोन स्क्रूड्रायव्हर, खांद्यावर निळ्या केबलचं वेटोळं, पावसाने केस कपाळाला चिकटलेले. तो सरळ पुढे आला आणि त्याने भिंतीतून प्लगच उपटला.

"अहो, हे काय करताय?"

"तुमची डिस्क टकटक करतेय. ऐकू येत नाही?"

"येतं की! म्हणूनच तर इथे आणलीय."

"प्रत्येक वेळी चालू केली की आत आणखी ओरखडे पडतात. आहे तेही जाईल." मग एकदम ओशाळून, "म्हणजे… माफ करा हं. मी नुसता पंखा घ्यायला आलो होतो. मशीनचा पंखा."

दुकानदार हसला. "बाई, याचं ऐका. शहरातल्या सगळ्या वाचनालयांचे कॉम्प्युटर हा एकटा सांभाळतो. मी तर म्हणतो, नवी डिस्क घ्या आणि मोकळ्या व्हा."

नवी घेऊन काय करणार होते मी? मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते. सहा वर्षं शाळा सुटल्यावर बसून मी खुणांचा शब्दकोश केला होता. दोन हजार चारशे खुणा, प्रत्येकीची छोटीशी चित्रफीत. त्यातल्या निम्म्या आमच्या सुतारकाकांच्या. काका जन्मापासून बहिरे. चाळीस वर्षं त्यांनी शाळेत सुतारकाम शिकवलं, आणि जुन्या पिढीच्या कितीतरी खुणा आता फक्त त्यांनाच माहीत होत्या. पण वर्षभरापूर्वी त्यांच्या हातांना कंप सुटला. पुन्हा चित्रित करायचं म्हटलं तरी ते हात आता कुठून आणायचे?

हे सगळं मी त्या अनोळखी माणसाला भडाभडा सांगून टाकलं. त्याने शांतपणे विचारलं, "दुसरी प्रत कुठे आहे?"

"नाही."

"एकही नाही?"

मला खोटं बोलवेना. "दोघातिघांनी मागितली होती. मी दिली नाही. वाटलं, कुणीतरी आपलं नाव लावून मोकळं होईल…"

आता हा डोक्याला हात लावणार, असं वाटलं. पण त्याने काउंटरवरून माझं मशीन अलगद घेतलं, झोपलेलं मूल घ्यावं तसं, आणि म्हणाला, "बघू या."

मोठ्या वाचनालयाच्या मागच्या बाजूला त्याची खोली होती. थंडगार, मशीनच्या गुणगुणीने भरलेली. शाळा सुटली की मी तिथे जायची. पडद्यावर काळ्या पाटीवर आकडे हळूहळू चढायचे. जिथे डिस्क अडखळायची, तिथे त्याने लावलेला, फायली वाचवणारा प्रोग्रॅम हट्ट न करता पुढे सरकायचा आणि सोडलेल्या जागी नंतर हलकेच परत यायचा.

"किती समजूतदार आहे हो हा," मी म्हणाले.

"ज्याने लिहिलाय तो समजूतदार असणार."

"कुणी लिहिलाय?"

"ओळखत नाही. कधी भेटलो नाही. लिहिला आणि ठेवून दिला… सगळ्यांसाठी. कसा लिहिला तेही उघडून दाखवलंय." त्याने चार-दोन बटणं दाबली आणि पडद्यावर ओळीच ओळी उलगडल्या. "वाचा, बदला, कुणालाही द्या. फक्त पुढच्याची वाट अडवू नका, एवढीच अट."

त्यातलं एकही अक्षर मला कळत नव्हतं. तरी मी बघतच राहिले. कुठल्या तरी दूरच्या घरात बसून कुणीतरी माझ्या काकांच्या हातांची काळजी वाहिली होती… काका त्याला माहीतसुद्धा नसताना!

"तुम्ही हे कुठे शिकलात?"

"कुठेच नाही." तो हसला. "पुस्तकं परत घेण्याच्या खिडकीवर बसायचो मी. भंगारात निघालेलं एक मशीन मागून घेतलं, त्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली चढवली. सतरा वेळा मशीन बिघडवलं. अठराव्यांदा अगदीच अडलो, तेव्हा मोडक्यातोडक्या इंग्रजीत इंटरनेटवर प्रश्न टाकला. वाटलं, हसतील. सकाळी उत्तर आलं होतं… चार पानी! माझं नावही त्या माणसाला धड लिहिता आलं नव्हतं. पण चार पानं, बाई! मी ती अजून जपून ठेवलीत."

बोलताना त्याचे डोळे असे चमकत होते की मी पटकन पडद्याकडे पाहिलं.

नवव्या दिवशी आकडे थांबले. जवळजवळ सगळं परत आलं होतं. पण दोन गोष्टी झाल्या होत्या. एक, सगळ्या फायलींची नावं गेली होती, नुसते क्रमांक उरले होते. आणि दुसरी, काकांच्या बऱ्याच चित्रफिती मध्येच तुटत होत्या. हात वर उचलला जायचा आणि पडदा काळा.

माझा चेहरा पडला. तो मात्र खुर्ची पुढे ओढून बसला. "तुकडे आहेत. जोडायचे कसे ते या प्रोग्रॅमला कळत नाहीय. तुमच्या कॅमेऱ्याची तऱ्हाच वेगळी आहे."

"मग?"

"मग त्याला शिकवायचं."

पाच दिवस तो त्या ओळींशी झगडत होता. मी शेजारी बसून वह्या तपासायची. मधूनच तो स्वतःशी पुटपुटायचा, मधूनच चहा थंड करायचा. सहाव्या दिवशी त्याने मला हाक मारली, नुसतीच "या" म्हणून. पडद्यावर काका होते. दोन वर्षांपूर्वीचे, स्थिर हातांचे. त्यांनी हात वर नेला, बोटं फिरवली आणि खूण पुरी केली. 'उजेड.'

मला रडूच आलं. त्याने रुमाल शोधायला खिसे चाचपले आणि घाईत स्क्रूड्रायव्हरच पुढे केला. मग रडता रडता मी अशी काही हसले, की बाहेर वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी "शूऽऽ" केलं.

ती दुरुस्ती त्याने मूळ कर्त्यांकडे पाठवून दिली.

"म्हणजे फुकट देऊन टाकली?"

"मला तरी कुठे विकत मिळालं होतं?"

मग सुरू झालं नावं देणं. मी खूण बघून शब्द सांगायची, तो टाइप करायचा. 'झाड.' 'उद्या.' 'रुसणं.' 'सासर.' दोन हजार चारशे! घरी वहिनी विचारायला लागली, "काय गं, हा कॉम्प्युटर दुरुस्त होऊ नये म्हणून कुणी नवस-बिवस बोललंय का?" मी तिला उशी फेकून मारली. खरं तर मीच मुद्दाम सावकाश सांगत होते.

"तुम्हाला एव्हाना पुष्कळ खुणा आल्या असतील," एकदा मी म्हटलं.

"छे! मी कुठे… मी आपला कीबोर्डकडे बघतो."

आणि कान लाल!

नावं संपत आली होती, तेव्हा एक पत्र आलं. त्याने ते मला मराठी करून वाचून दाखवलं. समुद्रापलीकडच्या एका बाईचं होतं. तिच्याकडेही त्याच जातीचा कॅमेरा होता. मुलीची पहिली पावलं त्यात टिपलेली, आणि तुकडे तुकडे झालेली. नव्या दुरुस्तीमुळे ती परत मिळाली होती. तिने लिहिलं होतं, 'तुम्ही कोण आहात मला ठाऊक नाही. पण माझी मुलगी आज पुन्हा चालली.'

त्याने पत्र पहिल्यापासून पुन्हा वाचलं, मनातल्या मनात. मशिनं गुणगुणत होती. जग एवढं मोठं आहे आणि तरी या थंडगार खोलीला चिकटलेलं आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

"माझा शब्दकोशही असाच ठेवायचा," मी म्हणाले. "सगळ्यांसाठी. उघडा."

"नक्की? कुणी आपलं नाव लावेल…"

"लावू दे. काकांचे हात तर दिसतील ना!"

त्याने माझ्याकडे पाहिलं. पडद्याकडे पाहावं तसं, भान हरपून. काहीतरी बोलणार होता… पण कीबोर्ड पुढे ओढून म्हणाला, "मग… जागा करतो. सर्व्हरवर."

शब्दकोश खुला करायचा दिवस शनिवारचा होता. शाळेच्या सुतारशाळेत, भुशाच्या वासात, मी काकांना मुद्दाम बोलावलं होतं. त्याने मशीन मांडलं आणि केबल जोडायला तो बाकाखाली वाकला. काका त्याच्या पाठीकडे बघत होते. मग त्यांनी मला खूण केली. हात थरथरत होते, तरी खोडकरपणा लपत नव्हता. 'हा आवडतो तुला?'

मी हळूच हातांनी म्हटलं, 'खूप.'

'मग सांगत का नाहीस?'

'काय उपयोग? हा लग्न करेल तर मशीनशी!'

काका खो खो हसले. मीही हसत मान वळवली… आणि माझे हात हवेतच राहिले. बाकाखालून तो कधीच बाहेर आला होता. हातात केबल, केसांत भुसा. आणि कान… डाळिंबासारखे!

"तुम्हाला… तुम्हाला कळलं?"

"दोन हजार चारशे नावं टाइप केलीत मी," तो पुटपुटला. "तुमच्या हातांकडे न बघता कसं जमलं असतं?"

"कीबोर्डकडे बघत होतात ना?"

"खोटं बोललो."

त्याने केबल खाली ठेवली. दोन्ही हात पँटला पुसले, एखादी जड वस्तू उचलायची असल्यासारखे. आणि मग अडखळत, बोटं मोजत, खुणा केल्या. 'मशीन… नको.' थांबला. श्वास घेतला. बोट माझ्याकडे वळलं. हातांच्या भाषेत 'तू' आणि 'तुम्ही' वेगळे नसतात. समोरच्याकडे दाखवलेलं बोट, बस्स. एवढे दिवस आम्ही दोघं ज्या 'अहो'आड लपलो होतो, ते त्या एका बोटाने दूर सारलं.

'तू. जन्मभर.'

'जन्मभर' त्याचं चुकलंच. अंगठा आत गेला होता. काका ताडकन उठले, त्यांनी आपल्या थरथरत्या हातांनी त्याचं मनगट धरलं, अंगठा बाहेर काढला, बोटं नीट केली आणि मान हलवून बजावलं, 'पुन्हा!'

त्याने पुन्हा केलं. काकांचं समाधान होईना. तिसऱ्यांदा करायला लावलं.

मला पहिल्याच वेळी कळलं होतं. पण तिन्ही वेळा मी डोळे मोठे करून, अगदी भोळेपणाने त्याला म्हणाले, "नीट कळलं नाही रे… परत सांग ना!"