जे प्रवासात आहेत

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी सकाळी मी दिल्लीच्या विमानतळावर उतरले आणि टॅक्सीने घरी निघाले. आमचं घर दिल्लीतल्याच द्वारका भागात आहे. विमानं इमारतीवरून इतक्या कमी उंचीवर जातात की बोलताना मध्येच थांबायची घरातल्या सगळ्यांना सवय आहे. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते. नगरहून बदली होऊन आले आणि निवृत्त झाल्यावर इथेच राहिले. चौथा मजला, जाळीचं दार, त्यामागे लाकडी दार, त्यावर पितळी पाटी: अविनाश चक्रनारायण.

मी नीरजा, त्यांची मोठी मुलगी. परदेशी जाण्याआधी मी मेट्रोच्या बोगद्यांसाठी जमीन तपासणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होते. जमिनीखाली काय आहे याचा अंदाज करायचा नाही, नमुना वर काढायचा आणि बघायचं, असं ते काम. म्हणून इथेही जे पाहिलं तेवढंच सांगते.

सहा महिन्यांसाठी म्हणून निघाले आणि चार वर्षं बाहेर राहिले. तुर्कस्तान, आर्मेनिया, मग चिली, मग पुन्हा तुर्कस्तानच्या बाजूला. कुठे सफरचंदं तोडली, कुठे हॉस्टेलच्या चादरी धुतल्या. शेवटचा हिवाळा जॉर्जियातल्या काझबेगी नावाच्या डोंगरातल्या गावात काढला. तिथे एका गेस्टहाउसचं स्वयंपाकघर सांभाळत होते. त्या चार वर्षांत मी कुठल्याही खोलीत दहा मिनिटांत घर मांडायला शिकले. त्याचा मला अभिमान होता. आईला एकदा लिहिलंही होतं की, तुम्ही ओळखता ती नीरू आता राहिलेली नाही. काझबेगीत फोन जेमतेम लागायचा, त्यामुळे हिवाळाभर घरी बोलणं फारसं झालं नव्हतं. येतेय हे मुद्दामच कळवलं नव्हतं.

बेल वाजवली. आईने लाकडी दार उघडलं आणि जाळीतून माझ्याकडे पाहिलं. तिचे केस पूर्ण पांढरे झाले होते.

"या," ती म्हणाली.

मला वाटलं, चिडवते आहे. मी मिठी मारायला पुढे झाले. ती बाजूला सरली, माझ्या बॅगेला जागा द्यावी तशी.

"बसा. पाणी आणते."

पाणी ट्रेमधून आलं, काचेच्या ग्लासात. पाहुण्यांचे ग्लास. घरच्यांना स्टीलचे असत.

"आई, पुरे आता. चिडली आहेस, कळलं मला."

"ऊन फार आहे," ती म्हणाली. "टॅक्सी पटकन मिळाली का तुम्हाला?"

बाबा आतून आले. त्यांनी मान लववली, समोर बसले, पंखा वाढवला. चार वर्षांचा राग आहे, मी मनाशी म्हटलं. आमच्या घरात कुणी ओरडत नाही. लहानपणी माझ्याकडून काही चुकलं की आई दिवसभर माझ्याशी फक्त कामापुरतं बोलायची. हे त्यातलंच, जरा लांबलेलं. संध्याकाळपर्यंत निवळेल.

मला तोंड धुवायचं होतं. मी उठले आणि विचारलं, "बाथरूम कुठे आहे?"

वाक्य तोंडातून गेल्यावर मला ते ऐकू आलं. हॉस्टेलांत, अनोळखी घरांत हजारदा विचारलेला प्रश्न होता, जीभ आपोआप वळली. पण आईने हात करून दिशा दाखवली, आणि त्याच वेळी तिने बाबांकडे पाहिलं. आत गेल्यावर मी दिव्याचं समजून बटण दाबलं. गीझर लागला.

दुपारी जेवायला बसलो. आमटी, भात, बटाट्याची भाजी, कापलेलं खरबूज. बाबांनी डोळे मिटले, आम्हीही मिटले. ते नेहमीची प्रार्थना म्हणाले, या अन्नाबद्दल तुझे उपकार मानतो. मग त्याच आवाजात म्हणाले, "जे प्रवासात आहेत त्यांना सांभाळ. आमची नीरू दूर आहे, एकटी आहे, तिला सुखरूप ठेव. आणि दाराशी येणाऱ्यापासून या घराला राख. आमेन."

"आमेन," आई म्हणाली.

मी डोळे उघडले तेव्हा दोघं माझ्याकडे बघत होते.

"बाबा, मी इथे बसले आहे."

"भाजी घ्या," बाबा म्हणाले.

"मी नीरू आहे."

आईने वाढायचा चमचा खाली ठेवला. "हे बघा, तुम्ही तिच्या ओळखीच्या आहात म्हणून घरात घेतलं. तिने सांगितलं होतं तुम्ही याल म्हणून. दिसता तिच्यासारख्या, ते मी दारातच पाहिलं. पण जेवताना असं बोलू नका."

"तिने कधी सांगितलं?"

"रोज बोलते ती. चार वाजता."

मी पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला. बाबांनी चष्मा लावला, फोटो पाहिला, नाव वाचलं. मग पासपोर्ट मिटून बोटाने माझ्याकडे सरकवला.

"तिचा पासपोर्ट चोरीला गेला होता," ते म्हणाले. "तर तो तुमच्याकडे आहे."

माझा पासपोर्ट कधीच चोरीला गेला नव्हता.

आईने माझं ताट उचललं आणि ते इतर भांड्यांत न ठेवता सिंकच्या बाजूला वेगळं ठेवलं. कूलरच्या घरघरीशिवाय घरात आवाज नव्हता. मी सोफ्यावर बसून राहिले. माझ्या खोलीचं दार बंद होतं. मी उठून कडीला हात लावला तेव्हा बाबा मागे येऊन उभे राहिले. मी हात काढेपर्यंत तिथेच उभे राहिले.

चार वाजता आईचा फोन वाजला.

तिने तो साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला, खुर्ची ओढली, पदराने तोंड पुसलं. सकाळपासून पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला. "अगं नीरू," ती म्हणाली.

"जेवलात का?" फोनमधून आवाज आला.

रेकॉर्ड केलेला आपला आवाज ऐकल्यावर तो परका वाटतो. हा तसा नव्हता. बोलताना आपल्याला आतून ऐकू येतो तसा होता.

मी आईच्या मागे जाऊन उभी राहिले. पडद्यावर काझबेगीचं स्वयंपाकघर होतं. हिरवी किटली. तडा गेलेल्या काचेवर मी स्वतः चिकटवलेली पट्टी. खिडकीकडे पाठ करून एक बाई बसली होती, अंगात माझं निळं जॅकेट. ते जॅकेट मी निघताना तिथे खुंटीवर सोडून आले होते. उजेड मागून येत होता, त्यामुळे चेहरा नीट दिसायला क्षणभर लागला.

जुना व्हिडिओ असेल, मी स्वतःला सांगितलं. कुणीतरी बनवलेला असेल. हल्ली काहीही बनवता येतं.

"ती आली का?" फोनमधल्या बाईने विचारलं.

"आलीय. इथेच आहे."

"तिला खोली देऊ नका."

"नाही गं. मला काय कळत नाही?"

मग पडद्यावरच्या बाईने वर पाहिलं. ती दचकली नाही, रागावलीही नाही. प्रवासात एखादं माणूस नकोसं झालं तर त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघायचं. थोड्या वेळाने ते आपणहून निघून जातं. हे मी रस्त्यावर शिकले होते, घरी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. ती माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होती.

"आई, ही मी नाही," मी म्हटलं.

आई मागे न वळता म्हणाली, "बसायचं तर बसा. मध्ये बोलू नका."

रात्र मी सोफ्यावर काढली. शनिवारी सकाळी बाबांनी अंकुरला बोलावलं. अंकुर माझा धाकटा भाऊ, दिल्लीजवळ मानेसरला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात मॅनेजर आहे. तो आला, बूट न काढता समोर बसला. त्याला मी अभ्यास शिकवला होता, सायकल शिकवली होती. त्याने मला आपादमस्तक पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर मला भीती दिसली. मग ती गेली.

"देखिए," तो हिंदीत म्हणाला.

"अंकुर, मराठीत बोल."

"ठीक आहे. हे बघा, मम्मी-पापा म्हातारे आहेत. तुम्हाला काय पाहिजे ते मला सांगा आणि बिल्कुल सरळ सांगा."

मी त्याला फक्त आम्हा दोघांना ठाऊक असलेल्या गोष्टी सांगितल्या. गच्चीवर लपवलेली पतंगाची फिरकी. त्याने शाळेतून पळून जाऊन माझ्या कॉलेजच्या फाटकाशी येऊन बसणं. तो ऐकत होता.

"हे तिने तुम्हाला सांगितलं असणार," तो म्हणाला. "ट्रॅव्हलिंगमध्ये लोक अनोळखी माणसाला काहीही सांगतात, यार. दीदी पण सांगत असेल."

"सायकलवरून पडलास तेव्हा मी तुला उचलून आणलं होतं. डाव्या गुडघ्याला टाके पडले होते."

तो पुढे वाकला. मग त्याने पँटचे दोन्ही पाय वर सरकवले. डावा गुडघा साफ होता. उजव्यावर पांढरा, जुना वण होता.

"ऐकलेलं असंच लक्षात राहतं," अंकुर म्हणाला. "आता चला."

मला ती दुपार अजून स्वच्छ दिसत होती. रस्ता, रक्त, त्याचं रडणं. पण त्या चित्रात मी कुठे उभी होते ते मला आठवेना. मी जणू बाजूच्या फुटपाथवरून बघत होते.

माझी बॅग जाळीच्या दाराबाहेर ठेवलेली होती. आईने गार पाण्याची बाटली माझ्या हातात दिली, बोटाला बोट लागू न देता. "पुन्हा आलात तर पोलिसांना कळवावं लागेल," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज नम्र होता. मी लिफ्टपर्यंत पोहोचायच्या आत आतल्या कड्या लागल्या, आधी वरची, मग खालची. खाली फाटकावरचा गार्ड म्हणाला, "मैडम, आपको दोबारा अंदर भेजने को मना किया है।"

मी दिल्लीतच, मुनिरकात एक खोली भाड्याने घेतली. गल्ली इतकी अरुंद की समोरच्या घरातलं ताट दिसावं. आजूबाजूला विद्यार्थी, सगळे कुठून ना कुठून आलेले. इथे कुणी कुणाला कोण म्हणून विचारत नाही. खोलीला एकच खिडकी, दाराशेजारी. मागे ऑइलपेंट दिलेली भिंत, दुपारी हात ठेववत नाही इतकी तापते.

काझबेगीच्या गेस्टहाउसला फोन लावला. वाजत राहिला. पोलिसांकडे जावं असं ठरवलं आणि त्यांना नेमकं काय सांगायचं ते जुळेना. मी दहा मिनिटांत घर मांडू शकते, पण या खोलीत माझ्याच्याने बॅगसुद्धा उघडली गेली नाही.

काही दिवसांनी, एका दुपारी चारच्या सुमाराला, मी भिंतीला टेकून बसले होते. बाहेर लूचे तापलेले वारे वाहत होते. मी आईला व्हिडिओ कॉल लावला. ती उचलेल असं वाटलं नव्हतं.

"अगं नीरू," आई म्हणाली.

तिचा तो चेहरा बघून मी फोन दोन्ही हातांनी धरला.

"आज उशीर केलास. किती वाळली आहेस गं. कुठे आहेस, तिकडेच ना?"

मुनिरकात आहे, इतकंच म्हणायचं होतं.

"हो," मी म्हटलं. "तिकडेच."

"अहो, नीरूचा फोन," तिने हाक मारली. बाबा पडद्यात डोकावले, चष्मा वर करून. काय खाल्लंस, म्हणाले. तब्येत सांभाळ, म्हणाले. दोघांचे चेहरे जवळजवळ आले होते. चार वर्षांत मला कुणी असं पाहिलं नव्हतं.

"ती बाई गेली बरं का," आई हळू आवाजात म्हणाली. "अंकुरने घालवली."

"बरं झालं," मी म्हटलं.

"फार वाईट वाटलं एकदा. तुझ्यासारखीच होती चेहऱ्याने."

"वाईट नको वाटून घेऊ. मी कधी येऊ, आई?"

एक विमान त्यांच्या छतावरून गेलं आणि आम्ही तिघंही थांबलो.

"नको," ती म्हणाली. "तू तिकडेच बरी आहेस." मग तिने डोळे बारीक केले, फोन जवळ घेतला. "आणि आधी उठून खिडकी लाव बघू. मागे बर्फ आत येतोय, तुझ्या खांद्यावर पडतोय."

माझ्या मागे भिंत होती.

"लावते," मी म्हटलं. मी मागे वळून पाहिलं नाही. मानेवरचा घाम हळूहळू गार होत चालला होता.