नलू आत्याला काय सांगायचं?

मोठी आत्या कर्करोगाने गेली, तेव्हा सगळ्यांनी ठरवून टाकलं, "आजीच्या माहेरचं दुखणं!" ईशानीला मात्र हे कोडं सुटेना. आजीच्या माहेरी हा आजार कुणालाच झाला नव्हता. मग आला कुठून?

घरातल्यांच्या तब्येतीच्या तपासण्या धोंडू हा यंत्रमानव करायचा. एरवी त्याच्या तोंडाची टकळी बंद होत नसे. पण आज विचारल्यावर तो एवढंच म्हणाला, "ज्याचा अहवाल, त्यानेच सांगायचा."

"कुणाचा अहवाल?"

"माझा," मागून आजोबा म्हणाले. "मोठी आत्या गेल्यावर केलेल्या तपासणीचा." त्यांनी उभा जन्म जनुकांच्या (शरीर चालवणाऱ्या सूचनांच्या) अभ्यासात घालवला होता.

त्यांनी कॅरमच्या दोन सोंगट्या घेतल्या, एक पांढरी, एक काळी. "प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून येते, एक वडिलांकडून. पेशींची डागडुजी करणाऱ्या जनुकाची माझी एक प्रत धड आहे, एक बिघडलेली. मुलांना त्यातली कुठलीतरी एकच मिळते. मोठ्या आत्याला ही मिळाली." त्यांनी काळी दाखवली आणि पुन्हा मुठीत घेतली. "दर मुलाच्या वेळी दोन्ही पुन्हा मुठीत. आता नलूसाठी काढ."

ईशानीने पांढरी काढली. "सुटली आत्या!"

"खेळात सुटली. खरं काय ते तपासल्यावरच कळेल. काळी आली म्हणजे आजार होतोच असं नाही, धोका वाढतो. पण आधी कळलं तर लक्ष ठेवता येतं, उपाय करता येतात."

नलू आत्या मंगळावरच्या वसाहतीत इंजिनिअर होती. तपासणीचं नाव काढलं की हसायची, "मी बाबांवर गेलेय गं. आईच्या माहेरचं मला काय होणार?"

"आजोबा, तिला सांगितलंत?"

"नाही. कुठल्या तोंडाने सांगू? माझ्याच लेकीला मी..." त्यांनी सोंगट्या खाली ठेवल्या. "लोकांनी तुझ्या आजीला बोल लावला. ती तो घेऊनच गेली, तरी मी गप्प."

ईशानीला त्यांचा राग आला आणि रडूही आलं. "तुम्ही मुद्दाम थोडंच दिलंत? पण सांगत नाही, ते मात्र मुद्दाम!"

आजोबांनी नलू आत्याला सगळं सांगणारा निरोप पाठवला. मंगळावरून उत्तर यायला अर्धा तास लागला.

"बाबा, ताईला जाऊन दोन वर्षं झाली. दोन वर्षं!" नलू आत्याचा आवाज चिरकला. "आई मरेपर्यंत स्वतःला दोष देत होती. आणि तुम्ही..." मग बराच वेळ नुसते हुंदके. शेवटी ती म्हणाली, "उद्याच तपासून घेते. दादाला तरी सांगितलंत का?"

दादा म्हणजे ईशानीचे बाबा. ईशानीला सगळं कळलं. बाबांकडे ती प्रत असली, तर तिच्याकडेही असू शकते. तिला भीती वाटली. तरीही आता काय तपासायचं ते ठाऊक होतं, मोठ्या आत्याला ते कुणी सांगितलंच नव्हतं.

आजोबा डोळे पुसत स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. आत बाबा भाजी चिरत होते.

"विश्वास, हातातलं ठेव बाळा," ते म्हणाले, "आणि माझ्याजवळ येऊन बस."