खांदेमळणीचा लेप

गुरांच्या डॉक्टरला किळस परवडत नाही. अळ्या पडलेल्या जखमा मी धुते आणि घरी जाऊन नीट जेवते. पण देवणीजवळच्या गौरम्माकाकूंच्या गोठ्यातून आले तेव्हापासून तूप पाहिलं तरी ताट बाजूला सारते.

काकू एकट्या. मूलबाळ नाही, बैल लेकरासारखा वाढवलेला. जू घासून त्याचा खांदा नासला, तेव्हा तो जगणार नाही असं मीच सांगितलं होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळतात. यंदा काकूंनी त्यात माळावरचं एक रोपटं वाटून घातलं.

पोळ्यानंतर मी गेले, तेव्हा आधी त्यांनी मला तो माळ दाखवला. खडकातून पाणी झिरपतं, माती इतकी निकस की गवतही धड उगवत नाही. तिथे जमिनीला चिकटून रुपयाएवढी तांबडी रोपटी. पानांवर केस, केसाकेसावर चिकट थेंब, भर उन्हातही न वाळणारे. एका पानावर माशी अजून पाय झाडत होती. ही दवबिंदू नावाची वनस्पती. मातीत काही मिळत नाही म्हणून किडे खाते, हे कॉलेजात शिकलेय. त्यात नवल कसलं?

"हितं आलेली माशी परत जात न्हाई," काकू म्हणाल्या. "म्हनलं, खांद्यावरची बी जानार न्हाई."

गोठ्यात सडका, गोडसर वास होता. जखम भरली होती. पण तिथलं कातडं तांबडं, त्यावर बारीक केस, टोकांना थेंब. माशा चिकटलेल्या. मी एक ओढली, तर नुसतं टरफल हातात आलं.

"वैरण खातो का?"

"पोळ्यापासून तोंड लावलं न्हाई."

बैल चांगला गुबगुबीत झाला होता.

हातमोजा घातलेलं बोट मी खांद्यावर टेकवलं. केस सावकाश वाकले. बोटाकडे.

मी हात हिसकला. मोजा तिथेच राहिला.

"काकू, हे आजच कापून काढू."

काकू आडव्या आल्या. "वाचला की ओ माझा! तुमीच म्हनला हुता, जगत न्हाई."



त्यांनी खांद्यावर तळहात ठेवला. बैलाने डोळे मिटले.

"रोज ठिवते. गोड मुंग्या येत्यात."

हात निघताना चट्ट आवाज झाला.

मग त्यांनी चहा आणला. बशी पुढे करताना तळहात दिसला. तान्ह्या बाळाच्या हातावरही रेषा असतात. काकूंच्या तळहातावर एकही उरली नव्हती.