रिकामं ते मोजायचं नाही

पाण्यात उतरण्याआधी फॉर्म भरायचा, ही नदीतले किडे मोजून पाणी तपासणाऱ्या किडेबाईंची जुनी सवय. तारीख, वेळ, आभाळ स्वच्छ, हजर माणसं : २. दुसरा माणूस म्हणजे पाणीपुरवठ्याचे साहेब. ते काठावर पँट दुमडून उभे होते आणि भलतेच खुशीत होते.

महिन्यापूर्वी दोन्ही काठांच्या शेतांतलं फवारणीचं औषध वाहून आलं आणि नदीतले मासे पोट वर करून तरंगले. तेव्हापासून खालच्या गावाचे नळ बंद होते. त्या गावात बाईंची सख्खी बहीण राहायची, दोन लेकरांसकट. बाईंनी सही केली की उद्या सकाळी नळ सुटणार होते. साहेबांनी तर निकाल कधीच लावून टाकला होता. लोकांची भीती मोडावी म्हणून महिनाभर ते रोज चारचौघांत याच नदीचं पेलाभर पाणी पीत होते.

बाईंनी जाळं धरलं, तीन मिनिटं पायानं तळ ढवळला आणि हाती लागलं ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतलं. ट्रे नुसता वळवळत होता. तीन शेपट्यांचे नाजूक किडे, पाणी जरा बिघडलं की सगळ्यांत आधी मरणारे. बाईंनी मोजले. एकशे चाळीस. इतके तर नदीच्या चांगल्या दिवसांतही मिळाले नव्हते.

"शितावरून भाताची परीक्षा," साहेब म्हणाले. "करा सही."

पण तळ ढवळताना चिखलाचा वास आला नव्हता. कसलाच वास आला नव्हता.

नोकरीच्या पहिल्या वर्षी बाईंनी एक घोडचूक केली होती. हा किडा मोठा होताना त्याच्या पाठीवर उभी चीर पडते, तो बाहेर निघून जातो आणि मागे हुबेहूब त्याच्यासारखी कात उरते. बाईंनी त्या काती किडे समजून मोजल्या आणि मेलेली नदी पास केली. त्या पाण्यानं आजारी पडलेली पोरं त्या अजून विसरल्या नव्हत्या. तेव्हापासून त्यांचा एकच हेका : रिकामं ते मोजायचं नाही.

त्यांनी भिंग काढलं.

किडा धावत होता. सहाही पाय चालू होते. पाठीवर सरळ, उभी चीर होती. आत काहीच नव्हतं.

दुसराही तसाच. तिसराही.

बाईंना भीती वाटली, खोटं कशाला बोला. मग भीतीपेक्षा राग मोठा झाला.

"शून्य, साहेब."

"अहो, हलतायत की! नियमच आहे, हलेल ते जिवंत."

"हलतायत. पण आत कोणी नाही. नियम लिहिणाऱ्यानं ही नदी पाहिली नव्हती."

"नोकरीचा विचार करा, बाई." साहेबांचा आवाज रिकाम्या डब्यातून आल्यासारखा वाटला.

"केला. माझ्या भाचरांना हे पाणी पाजायचं आणि मी डोळ्यांवर कातडं ओढून बसायचं? जमणार नाही. काय करायचं ते करा."

त्यांनी ठळक शून्य लिहिलं. खाली 'पिण्यास अयोग्य' लिहून सही ठोकली. लगेच फोटो काढून आधी बहिणीला पाठवला, मग वरच्या कचेरीला.

साहेब रागावले नाहीत. हसले. काठावर वाकून त्यांनी ओंजळभर पाणी पिऊन दाखवलं.

वाकताना शर्टाची कॉलर मागून सुटली.

मानेपासून खाली एक उभी चीर गेली होती. रक्त नव्हतं.

चिरेत ऊन शिरलं. खूप आतपर्यंत गेलं.

"अजून विचार करा," साहेब मागे न वळता म्हणाले.

बाईंनी फॉर्म पुन्हा वर घेतला. 'हजर माणसं' पुढचा दोनचा आकडा खोडला, एक लिहिला, आणि खाडाखोडीशेजारी नियमाप्रमाणे छोटी सही केली.