घोंगडीचं दुसरं टोक

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. किसनसिंग आयुष्यात एकदाच खोटं बोलला, आणि ते ही गोष्ट सांगताना नव्हे.

सन १९६४. फाल्गुन. फुलसावंगीजवळच्या बंजारा तांड्यामागचं, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून मोकळं झालेलं शेत. दिवेलागणीची वेळ.

फौजेतून निवृत्त झालेले वामनराव तिथे एक छोटं विमान उडवत. खाटेएवढे पंख, पोटाखाली कॅमेरा, आत माणूस नाही; जमिनीवरून रेडिओने चालवायचं. जंगलात वणवा कुठे लागला ते वरून दिसावं, म्हणून चार वर्षं हा खटाटोप चालला होता. गाव हसायचं. गावाला काय, फुकटचा तमाशा!

ढेकळांत उतरलं की विमान मोडायचं. म्हणून दोघांनी घोंगडी ताणून धरायची आणि ते वरच्या वर झेलायचं. एका टोकाला किसनसिंग, दुसऱ्या टोकाला त्याचा मोठा भाऊ नेमसिंग.

गेल्या वर्षी आभाळाकडे बघत मागे सरकताना नेमसिंग बिनकठड्याच्या विहिरीत पडला...

मेलेलाच वर आला.

तरी काम थांबलं नाही. वामनराव म्हणायचे, "किसन, त्याच्या जिवाचं चीज करू." मग नाही कसं म्हणायचं? पण किसनसिंग थकला होता. झोपेतसुद्धा त्याचे हात ताणलेले असायचे.

त्या संध्याकाळी त्याचा नवा जोडीदार फुलचंद तापाने पडला होता.

"दुसरं टोक बाभळीले बांधून घे!" वामनराव शेताच्या पलीकडून ओरडले.

"बांधलं जी!"

हेच ते खोटं. टोक त्याने मातीतच पडू दिलं होतं. मोडू दे एकदाचं. विमान संपलं की आपण सुटलो.

इंजिन बंद झालं. विमान तरंगत खाली येऊ लागलं.

पाखरं गप्प झाली...

मागून ढेकळं फुटल्याचा आवाज आला. कोणीतरी पळत येत होतं...

त्याने वळून पाहिलं. शेत रिकामं होतं.

आणि हातातली घोंगडी ताणली गेली.

समोरचं टोक जमिनीवरून उठलं होतं... छातीइतकं वर. धरणारं कोणीच नव्हतं.

विमान मधोमध अलगद पडलं. ओरखडासुद्धा नाही.

किसनसिंगला आधी रडू फुटलं. भीती नंतर आली.

"भिया... काहून झेललं तू? थकून गेलो रे मी. सोड नं आता."

घोंगडीला हलका हिसका बसला. 'नीट धर' म्हणायची नेमसिंगची हीच रीत होती.

किसनसिंगने नीट धरली.

वामनराव धावत आले. विमान पोरासारखं उराशी धरलं. "शाबास! उद्या पुन्हा उडवू," म्हणाले आणि घाईघाईने निघूनही गेले. विमानापुढे त्यांना दुसरं काही दिसतच नसे.

अंधारून आलं होतं. किसनसिंगने आपलं टोक सोडून दिलं.

समोरचं टोक खाली आलं नाही...

दुसऱ्या दिवशी वामनरावांच्याही आधी तो शेतात हजर होता. नंतर विमान उडायचं नसेल त्या दिवशीही जात राहिला. बायको जमनी चिडून विचारायची, "कायले जाता त्या शेतात?"

"तो धरून उभा असन तं?" एवढंच तो म्हणायचा.