बिननावाची गल्ली

हडपसरच्या त्या गल्लीला नाव नव्हतं. पुण्यात हे म्हणजे आक्रीतच. इथे हौदाला, बोळाला, फार काय, मारुतीलासुद्धा चारचौघांपेक्षा वेगळं नाव चिकटतं.

तनुजा एका कंपनीत शहराचा नकाशा बनवण्याच्या कामावर होती. गल्लोगल्ली हिंडून नावं विचारायची आणि ऑफिसातल्या वैजनाथला मोबाइलवरून सांगायची. संगणकात नावाची जागा रिकामी चालत नसे, म्हणून नाव मिळालं नाही की तात्पुरतं काहीही ठोकून द्यायचं, ही तिथली सर्रास पद्धत. त्या दुपारी तिने लाडात येऊन नवऱ्याचंच नाव दिलं. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. उखाण्यांची हौस अजून फिटली नव्हती.

"टाक, ऋषी गल्ली."

गल्लीच्या तोंडाशी ओट्यावर प्रेमलाबाई लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला.

"कुनाचं नाव दिलंस गं?"

"मिस्टरांचं. न्यायला येतायत मला."

"जित्या मानसाचं?" म्हातारीचा आवाज एकदम खाली आला. "हिला आधी गेनबाची गल्ली म्हनायचे. गाडीवान व्हता. भर दुपारी आत गेला, त्यो आजून यायचा हाय. मग गावानं सरपंच भीमरावांचं नाव दिलं, मानाचं म्हनून. तेबी तसेच आत गेले, मागनं आनखी किती नावं गेली... तवापास्नं हिला कुनी नाव देत न्हाई."

तनुजा हसली खरी, पण मोबाइल तिने लगेच काढला. तिने ऋषीला फोन लावला.

"अगं, मी कधीचा आलोय! गल्लीतच आहे. तू कुठेयस?"

तिने वळून पाहिलं. गल्ली शेवटच्या भिंतीपर्यंत लख्ख उन्हात पडली होती. चिटपाखरूही नव्हतं. स्कूटरची फटफट मात्र अगदी जवळून येत होती, आणि ओल्या कडब्याचा वास. आजूबाजूला सगळे फ्लॅट. गुरं कधीच गेलेली.

"ऋषी, बाहेर ये. आत्ताच्या आत्ता."

"येतोच आहे... पण तनू, ही संपतच नाहीये... आणि इथे एवढा अंधार का गं?"

 तिने तो फोन तोडून ऑफिसला लावला. "वैजनाथ, ते नाव पूस!"

"रिकामं घेत नाही, मॅडम. दुसरं काय टाकू?"

हजार नावं ओठांवर आली. प्रत्येक नावाची घरी कोणीतरी वाट बघत होतं. आतून ऋषीची हाक आली, खूप लांबून, विहिरीतून यावी तशी.

"तनुजा टाक."

"तुमचं, मॅडम?"

"टाक म्हणते ना!"

स्कूटर बाहेर आली. ऋषी घामाने निथळत होता, केसांत कडब्याच्या काड्या. तिने धावत जाऊन त्याचा दंड धरला. त्याने माशी झटकावी तशी बाही झटकली आणि तो ओट्याकडे गेला.

"मावशी, माझी बायको इथे उभी होती. पाहिलीत?"

प्रेमलाबाईंनी सरळ तनुजाच्या डोळ्यांत पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"न्हाई रं बाबा. कुनी न्हवतं हितं. तू घरी जा, आत बघू नगंस."

तनुजा जिवाच्या आकांताने ओरडली. ऋषी घड्याळ बघत राहिला.

तिच्या पाठीमागे, गल्लीत, कितीतरी पावलं एकदम हलली.

"सरकून घ्या जरा," कोणीतरी हळूच म्हणालं. "बाईमानूस हाय."